वाल्बुर्गाचं शेवटचं वाक्य

सांतियागो, २ मार्च २०२४

साबेला,

पाकीट पाहून तुला वाटेल, म्हातारा गेला की काय. गेलो नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर 'हो', 'नाही', 'बघते' यापलीकडे तुझं उत्तर येत नाही, म्हणून हा कागद. कागद मध्येच बंद करता येत नाही, हा त्याचा गुण.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. काम आहे.

परवा फुको आला होता. आपल्या डबिंग स्टुडिओतला ध्वनिमुद्रक फुको. आता ऐकू येत नाही त्याला, म्हणजे देवालाही थट्टा कळते म्हणायची. बरोबर माद्रिदची एक मुलगी होती, इनेस. इंटरनेटवरून घरोघरी सिनेमे आणि मालिका पोचवणाऱ्या एका बड्या कंपनीत असते. मी कोबी-बटाट्याचा रस्सा पुढे ठेवला. दोन वाडगे संपवून पोरगी म्हणाली, "काका, आम्हाला तुमच्या भाषेतले तास हवेत."

मला वाटलं, शिकवणी लावायची आहे.

मग फुकोने ओरडून समजावलं. बहिरा झाल्यापासून तो जगालाच बहिरं समजतो. कायदा आला आहे की या कंपन्यांनी आपल्या साठ्यात युरोपातल्या गोष्टी ठराविक प्रमाणात ठेवायच्या, त्यातला काही वाटा या देशातल्या भाषांचा, आणि त्या वाट्यातही स्पॅनिश सोडून आपल्या भाषेसारख्या धाकट्या भाषांना जागा द्यायची. नवं बनवायला वर्षं लागतात. जुनं तयार आहे. आणि जुनं म्हणजे, पोरी, 'तळ्याकाठची सराई'. मालिका जर्मन, म्हणून युरोपातली. बोललो आपण, म्हणून इथली. एका दगडात दोन पक्षी.

"पण बघणार कोण?" मी विचारलं.

पोरगी खोटं बोलत नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "बघितलंच पाहिजे असं कायद्यात नाही, काका. असलं पाहिजे, एवढंच."

मला तुझी आजी आठवली. आयुष्यभर गाईंशी आपल्या भाषेत बोलली आणि डॉक्टरसमोर मोडकं स्पॅनिश. 'सराई'चा पहिला भाग लागला तेव्हा टीव्हीपुढे हात पुसत उभी राहिली. "ती बाई डॉक्टरीण ना? मग आपल्यासारखी का बोलते?" मग दहा मिनिटांनी निकाल दिला, "हे लोक लुगोकडचे आहेत. इकडे असं तुटक कोणी बोलत नाही." पण त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात जाऊन तिने आपल्या भाषेत गोळ्या मागितल्या. डॉक्टरीण बोलते तर मी का नको, म्हणाली. आम्ही जर्मन ओठांवर आपले शब्द बसवत होतो, तेव्हा आम्हाला वाटायचं पगारापुरतं काम करतोय.

आणि सराईची मालकीण वाल्बुर्गा म्हणजे आपली दोसिंदा, तुझी आई. नुसती वाल्बुर्गा नाही. पोस्टमास्तरची बायको, मठातली आचारीण आणि एका भागात शेळीसुद्धा दोसिंदाच. इनेस म्हणाली, त्यांच्या तपासनिसांची तक्रार आहे की दोन बायका भांडतात तेव्हा एकच बाई भांडल्यासारखी वाटते. म्हटलं, आमच्या घरीही तसंच असायचं. आमच्याकडे बायकांचे आवाज होते तीन. उरलेल्या दोघी द्राक्षांच्या तोडणीला गेल्या की तळ्याकाठचं सगळं बायकी गाव दोसिंदाच. फुको रोज मायक्रोफोनखालचा पावाचा चुरा झाडायचा आणि शिव्या द्यायचा. तिची सवय तुला माहीतच आहे, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात पावाचा तुकडा कोंबायची. खिशात पाव असला की माणूस वाट चुकत नाही, घरी परत येतो. माझ्या कोटांवर उंदरांचा फार जीव होता.

आता अडचण. शेवटच्या भागात तुझ्या आईचा आवाज नाही. बाकी सगळ्यांचे आहेत, तुझाही आहे. वाल्बुर्गाची पोर फ्रोनी म्हणून तू किती चुरूचुरू बोलायचीस. शाळेमुळे तुझं काम शनिवारी वेगळ्या टेपवर व्हायचं, ती टेप शाबूत आहे. पण त्या आठवड्यात तुझी आई जत्रेत गाऊन घसा बसवून आली होती, म्हणून तिचा भाग नंतर वेगळा घेतला. ती टेप तळघरात बुरशीने खाल्ली. या गावात बुटांना बुरशी येते, टेपचं काय घेऊन बसलीस. कंपनीला मात्र मालिका पूर्ण हवी, नाहीतर नकोच.

तेव्हा त्यांचं म्हणणं असं. आता एक यंत्र निघालं आहे. बाकीच्या भागांतून तुझ्या आईचा आवाज उचलून ते शेवटचा भाग बोलून दाखवेल. त्यासाठी वारसांची संमती लागते. तुझी आणि माझी.

मी अजून होकार दिलेला नाही. पण देणार आहे. तुझं काय म्हणणं?

तुझा
बाबा


सांतियागो, २४ मार्च

साबेला,

चला, पत्राचा एवढा तरी उपयोग झाला. तू फोन केलास. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, जरी त्या आवाजात तू मला भाजून काढलंस तरी.

तू म्हणालीस, "बाबा, मेल्यावर तरी आईला गप्प बसू दे. त्यांचा कोटा भरत नाही म्हणून आईचा आवाज ओतायचा? पोत्यात भुसा भरतात तसा?"

मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "तिच्या मढ्यापाशी टेप लावून गावाला हसवलंस, ते पुरलं नाही का?"

आलीच ती गोष्ट. येणार हे माहीत होतं. तेव्हा तू काही न बोलता विमानाने निघून गेलीस, म्हणून आता ऐक.

तुझी आई गेली तेव्हा कित्येक महिने तिला आवाज नव्हता. घशाच्या दुखण्याने नुसती शिट्टी उरली होती, आणि शेवटी तीही नव्हती. तू दोनदा येऊन गेलीस, मी रोज ऐकत होतो. ती गेल्यावर घरात सगळा गाव बसला होता आणि माझ्या लक्षात आलं की मला तिचा आवाज आठवत नाहीये. शिट्टीच आठवते. म्हणून मी टेप लावली. वाल्बुर्गा त्या बिशपच्या पुतण्याला पडद्याला तोंड पुसल्याबद्दल झाडते, तो भाग. लोक हसले. हसणारच, तो हसण्याचाच भाग आहे. तिची थोरली बहीण तर हसता हसता रडायला लागली. तुला ती विटंबना वाटली. मला नाही वाटली, आजही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.

दुसरा मुद्दा, तुझा याकोब सात वर्षांचा झाला आणि मी म्युनिकला एकदाही आलो नाही. खरं आहे. मला विमानाची भीती नाही, साबेला. आपल्या आळीतून किती जण जर्मनीला आणि स्वित्झर्लंडला गेले ते मोज, आणि परत किती आले ते मोज. माझे दोन्ही काका दोन वर्षांसाठी म्हणून गेले होते. तूही तसंच म्हणाली होतीस. आपल्या घराण्याला जाणं जमतं, येणं जमत नाही. एकाने तरी दार उघडं ठेवून बसायला हवं, म्हणून मी बसलो आहे.

आता यंत्राचं. तुला न सांगता मी ते ऐकून आलो.

इनेसने नमुना लावला. तुझी आई म्हणाली, "सुप्रभात. आपलं स्वागत आहे." साबेला, मी टोपी काढली. खुर्चीत बसलो. पुन्हा लाव म्हटलं. मग पुन्हा. फुको माझ्याकडे बघत होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. तीच होती गं. तो 'स' म्हणताना समोरच्या दातातून हवा सुटायची ना, तीसुद्धा.

मला मोह झाला. लाज कसली त्यात? तिने काहीतरी नवं बोलावं, मी ऐकलेलं नाही असं, एवढं कोणाला नको असेल?

घरी येताना बसमध्ये मात्र एक खटकलं. तुझ्या आईने जन्मात कोणाला सुप्रभात म्हटलं नाही. सकाळी ती म्हणायची, "उठलास का, की पुरू आता?" आणि बोलण्याआधी ती श्वास घ्यायची, भांडायला निघाल्यासारखा. यंत्राला श्वासच नाही.

तरीही अजून माझं मन होकाराकडेच आहे. तुझा राग कळतो, पण मी इथे एकटा आहे.

बाबा


सांतियागो, २१ एप्रिल

साबेला,

आता खरी पंचाईत झाली आहे, आणि ती तुझ्याशिवाय सुटणार नाही.

इनेसने विचारलं, यंत्राने बोलायचं काय ते लिहून द्या. संवाद बसवायचं काम माझंच होतं तेव्हा, म्हटलं त्यात काय, संध्याकाळी देतो. जर्मन मूळ लावलं आणि बसलो. सगळं बसवलं. शेवटचं वाक्य राहिलं.

तुला आठवतो तो प्रसंग? वाल्बुर्गा शाल पांघरून धक्क्यावरच्या बाकावर बसली आहे. तिचं दुखणं तिला माहीत आहे, पोरीला माहीत नाही. फ्रोनी शाळेच्या होडीत बसायला निघते, मागे वळून विचारते, "आई, मी निघू?" आणि वाल्बुर्गा एक वाक्य बोलते. होडी जाते. मालिका संपते.

जर्मनमध्ये ती म्हणते, "जप स्वतःला, चिमणे." मीही तेव्हा असंच काहीसं लिहिलं होतं. पण दोसिंदा मायक्रोफोनपुढे उभी राहिली, माझा कागद खाली ठेवला आणि आपल्या मनाचं काहीतरी बोलली. ओठांवर असं चपखल बसलं की फुकोने खिडकीतून अंगठा दाखवला आणि मी ते तसंच ठेवलं. एवढं सगळं आठवतं. वाक्य आठवत नाही.

दहा दिवस त्या बाईच्या ओठांकडे बघतोय. ओठ मिटले की तिथे प, ब किंवा म हवं, हे माझ्या हाडात आहे. जागा दिसतात, शब्द येत नाहीत. फुकोला विचारलं तर म्हणाला, "त्या दिवशी काम संपलं म्हणून ओरुखोची कडक दारू प्यालो होतो. पहिल्या ग्लासानंतरचं काहीच आठवत नाही, आणि पहिला ग्लास कामाच्या आधी होता." बाकीचे कोणी उरले नाहीत.

जर्मन वाक्य देऊन टाकता येईल. तपासनिसांना काय, तास भरला म्हणजे झालं. पण मग तिच्या तोंडी शेवटचं वाक्य माझं जाईल. जे तिने खाली ठेवलं होतं तेच. तिला तिच्याच आवाजात माझं बोलायला लावणं, हे काही मला झेपत नाही. जिवंतपणी जमलं नाही, आता तर ती भांडायलाही नाही.

त्या दिवशी तू स्टुडिओत होतीस. शाळेला सुट्टी होती, तू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होतीस, कोट अंगातच. तुला आठवतं का ती काय म्हणाली? आठवत असलं तर लिही. एका ओळीचं काम आहे, वर 'बाबा' असंसुद्धा लिहू नकोस हवं तर.

बाबा


सांतियागो, १२ मे

साबेला,

तुझं कार्ड मिळालं. 'आठवतं. लिहिणार नाही. यंत्राला सांगू नकोस. जूनमध्ये मी येते आणि मी बोलते.'

मी चार वेळा वाचलं. मग फुकोकडे गेलो, तो मोठ्याने वाचत बसला, सगळ्या गल्लीने ऐकलं.

यंत्राला नकार कळवला. इनेस म्हणाली, माणूस बोलत असेल तर त्यांना चालेल, कायद्याला आवाज कोणाचा याच्याशी देणंघेणं नाही. तुझ्या खोलीतून माझी अवजारं काढली, गादी उन्हात टाकली. मग तुझा निरोप आला की तू हॉटेलात उतरणार. ठीक आहे. हॉटेलं चांगली असतात. गादीला ऊन हवंच होतं.

बाबा


सांतियागो, २० जून

साबेला,

तू काचेच्या पलीकडे होतीस, त्यामुळे अलीकडे काय झालं ते तुला माहीत नाही. ते तुझं आहे, म्हणून लिहितो.

तू आत गेलीस आणि पहिल्यांदा बूट काढून भिंतीशी ठेवलेस. कोणी सांगितलं तुला? तुझी आई नेहमी मोज्यांवर उभी राहायची, बुटांचा आवाज टेपवर येतो म्हणून. फुकोने माझ्या कोपराला धक्का दिला. मी म्हटलं, बघतोय मी, आंधळा नाही.

मग त्याने टेप लावली आणि आठ वर्षांची तू बोललीस, "आई, मी निघू?"

तू कानांवरचा हेडफोन काढून टाकलास. इकडे इनेसला वाटलं यंत्र बिघडलं. तू म्हणालीस, "थांबा. ही पोरगी... हिला मी विसरूनच गेले होते." मग मला विचारलंस, "बाबा, मी इतकी घाबरट होते?"

मी बटण दाबून म्हटलं, "घाबरट नव्हतीस. आईला दुखतंय हे तुला कळलं होतं. नाटकात नाही, खरंच. तिचा घसा बसला होता ना."

"फक्त जत्रेत गायली म्हणून?"

"फक्त जत्रेत गायली म्हणून. पण तू आठवडाभर तिच्या मागे मागे फिरायचीस."

तू पाणी प्यायलीस. दुसऱ्यांदा टेप लागली. "आई, मी निघू?" आणि तू श्वास घेतलास, भांडायला निघाल्यासारखा, आणि म्हणालीस, "पोरी, पाव घेतलास ना खिशात?"

साबेला, मी इतके दिवस त्या ओठांकडे बघत होतो. ते वाक्य माझ्या घरात, माझ्या कोटात, माझ्या डोक्यावर नाचत होतं, आणि मला सुचलं नाही, कारण मी तळ्याकाठच्या जर्मन बाईचं वाक्य शोधत होतो. आणि मग मला तेही आठवलं: त्या दिवशी तुझ्या आईने ते म्हटल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर तू आपला खिसा चाचपून पाहिला होतास. तुला वाटलं, तुलाच विचारलं.

तुलाच विचारलं होतं.

फुको पडद्यावरच्या ओठांकडे बघत होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "बसलं." मग नाक शिंकरायला बाहेर गेला.

इनेस म्हणाली, "मुळात पाव कुठेच नाही. वर कोणी विचारलं तर?" मग स्वतःच खांदे उडवले. "विचारणार कोण म्हणा. तास भरला." कोणी बघत नाही याचा एवढा एक फायदा आहे.

तू घरी आलीस, तासभर बसलीस. कॉफी उभ्यानेच प्यायलीस. मी कप विसळेपर्यंत बाहेरच्या पडवीत काहीतरी खुडबुड करत होतीस, मग "बराय बाबा, विमान आहे," म्हणून निघालीस. मला वाटलं होतं थोडी थांबशील. तू आईसाठी आली होतीस, माझ्यासाठी नाही, एवढं मला कळतं. तक्रार नाही. तिच्यासाठी आलीस हेच खूप आहे.

बाबा


सांतियागो, २ नोव्हेंबर

साबेला,

उन्हाळाभर तुझा निरोप नाही. माझाही नाही. मी ठरवलं होतं, आता आपण त्रास द्यायचा नाही.

'सराई' लागली. फुकोच्या नातीने शोधून दिली, पार तळाशी, 'इतर' म्हणून एक कप्पा आहे तिथे. आम्ही दोघांनी रोज एक भाग बघितला. मी ऐकतो आणि तो बघतो, असा एक पूर्ण माणूस होतो आमचा. शेवटचा भाग मी एकट्याने बघितला. किती जणांनी पाहिला ते इनेसलाही माहीत नाही. बेकरीतली बाई मात्र परवा म्हणाली, "वाल्बुर्गा गेली हो," आणि पाव देताना माझा हात धरला.

पण पत्र त्यासाठी नाही.

आज सकाळी मयतांच्या दिवसासाठी दफनभूमीत निघालो. थंडी एकदम आली, म्हणून पडवीतल्या खुंटीवरचा जाड कोट काढला. मार्चनंतर अंगाला लावला नव्हता. फाटकाची किल्ली शोधायला खिशात हात घातला.

हाताला पावाचा तुकडा लागला, दगडासारखा झालेला. आधी वाटलं, तुझ्या आईच्या वेळचा. पण मग वास घेतला. काळपट पाव, आत शहाजिरं. आपल्याकडे पावात शहाजिरं घालत नाहीत. तो तिकडचा आहे. तू म्युनिकहून निघतानाच बरोबर आणला होतास, माझ्यासाठी.

मी कोट घालून पडवीतच बसलो. दफनभूमीत उशिरा पोचलो, तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नसणार.

अर्धा तुकडा दुपारी रश्श्यात बुडवून खाल्ला. माझ्या दातांना झेपणारा नव्हता, पण खाल्ला. अर्धा परत खिशात ठेवला आहे.

नाताळात मी येतोय. फुकोच्या नातीने तिकीट काढलं. याकोबला सांग, आजोबाला जर्मन येत नाही, पण वाल्बुर्गा तोंडपाठ आहे. आणि मी परत कसा येणार याची काळजी करू नकोस. पाव घेतला आहे खिशात.

तुझा
बाबा